कुरणातली पूर्वतयारी

३ जुलै, सकाळी
आज आमच्या व्हिडिओ गेमचा सातवा भाग हातात पडणार. ऑफिसातून अर्धी रजा काढली आहे. कारण 'घरगुती अडचण' असं लिहिलं. खोटं काहीच नाही, खेळ घरातच खेळायचा आहे.
बारकी, म्हणजे आमची एकुलती एक, २८ तारखेला हॉस्टेलला जाणार. त्याआधी आम्ही बापलेक मिळून सातवा भाग संपवणार. मागचे तीन भाग असेच संपवले. चौथ्या भागाच्या वेळी तिचे पाय सोफ्यावरून खाली टेकत नव्हते, पण नकाशा वाचून दाखवायची. ही परंपरा आहे. मोहिमेची नोंद राहावी म्हणून ही रोजनिशी.

३ जुलै, संध्याकाळी ७
घात झाला.
टर्न काढून टाकले! या मालिकेत आजवर कसं, आपण एक वार करायचा, मग राक्षस एक वार करणार. मधे तो गप उभा. आपण चहा प्यावा, विचार करावा, फोन घ्यावा, तो बिचारा जागेवर डुलतोय. काय सभ्य राक्षस होते! आता सगळे एकदम अंगावर येतात. कुणी कुणासाठी थांबत नाही.
आणि पहिला शत्रू कोण, तर साळिंदर. कुरणातलं एक साधं साळिंदर. मी बटणं बघत होतो तेवढ्यात त्याने मला नदीत पाडलं. बारकी हसली. मी म्हटलं की हसण्यासारखं काही नाही, कंट्रोलर नवीन आहे. कंट्रोलर जुनाच होता.

४ जुलै
जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर तातडीची सभा. सभासद पाच. ठराव: सातव्या भागावर बहिष्कार. मी अनुमोदन दिलं. चिटणीस (याचं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून त्याला चष्मेवाला म्हणतात) म्हणाला की विकत घेतलाय कुणी? सगळे गप्प. मीही गप्प राहिलो. मी खेळत नाही, अभ्यास करतोय. शत्रूची माहिती नको का?
कंपनीला निषेधाचं पत्र पाठवलं. साडेतीन पानं. उत्तर आलं, की आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. निदान तिथे तरी कुणाला माणसाची कदर आहे.

६ जुलै
योजना ठरली. पाया पक्का करायचा. पहिल्या कुरणातून बाहेरच पडायचं नाही. साळिंदरं मारायची, लेव्हल वाढवायची, आणि मग एकदम असं निघायचं की शेवटच्या राजाने स्वतःहून दार उघडावं. चौथ्या भागात अख्खी सुट्टी दलदलीत बेडूक मारण्यात घालवली होती. शेवटचा राक्षस तीन फटक्यांत गार!
बारकी म्हणते की तिला त्या सुट्टीतले फक्त बेडूक आठवतात. म्हणजे आठवण आहे तर.

९ जुलै
साळिंदरं चालू. लेव्हल नऊ. बारकीची योद्धी एका दगडावर बसून राहते. बारकी मोबाइल बघते. तिला म्हटलं, थेंबे थेंबे तळे साचे. ती म्हणाली, बाबा, तळ्याच्या पलीकडे पूल आहे, पुलापलीकडे गाव आहे, गावात गोष्ट सुरू होते. मी म्हटलं, गोष्ट कुठे पळून जाते का?

१२ जुलै
विचित्र प्रकार. साळिंदरं जड जायला लागलीत. लेव्हल चौदाला एक साळिंदर मरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेतं. बहुधा डोंगराकडची जात असावी.
चष्मेवाल्याचा फोन आला. म्हणतो, या भागात आपण वाढलो की शत्रूही तेवढेच वाढतात, कुरणात कितीही घाम गाळ, फरक शून्य. मी विचारलं, तुला कसं माहीत, बहिष्कार आहे ना? तो म्हणाला की ऐकलंय. अफवा पसरवणारे लोक. उद्यापासून वेग दुप्पट.

१४ जुलै
ऑफिसात कटकट. मी लिफ्टची तपासणी करतो. सहा मजल्यांच्या इमारतीची लिफ्ट सोमवारपासून माझ्याकडे आहे. दोर पाहिले, दरवाजे पाहिले, ब्रेक पाहिला. सही करणार, इतक्यात वाटलं की दोर परत एकदा पाहावेत. तिथली माणसं जिने चढून कावली आहेत म्हणे. साहेबांनी आज नवीन पोरगी पाठवली. तिने जेवणाच्या आधी सही करून लिफ्ट चालूसुद्धा केली!
साहेब म्हणाले, तुम्ही फार चांगलं काम करता, पण ते संपत नाही. पहिला अर्धा भाग लक्षात ठेवायचा.

१५ जुलै
बारकीने सरळ विचारलं, बाबा, आज पूल ओलांडायचा का? मी म्हटलं, रविवारी. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, नक्की. मग म्हणाली की सेटिंगमध्ये 'गोष्टीपुरतं' असं एक आहे, ते लावलं तर शत्रू हळू येतात, नवीन लोकांसाठी आहे.
नवीन लोकांसाठी! तिचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून खेळतोय मी हे! असं म्हणून मी बाहेर फिरायला गेलो. परत आलो तर ती आईबरोबर हॉस्टेलला न्यायच्या चादरी निवडत होती. शहाणी पोर आहे, मनात ठेवत नाही.

१८ जुलै, रविवार
पूल. सविस्तर लिहिणं गरजेचं आहे, कारण यात माझी चूक नाही.
पुलावर एक पहारेकरी आहे, तीन माणसं उंच. मी शिस्तीत पिशवी उघडली, की कोणतं औषध कुठे आहे ते बघू. तर पिशवी उघडी असतानाही खेळ चालूच! पूर्वी पिशवी उघडली की सगळं जग थांबायचं. मी लेबलं वाचतोय आणि तो मला मारतोय. मी आडवा.
बारकी एकटी लढत राहिली. खरं सांगतो, बघत राहावं अशी लढते. पहारेकरी अर्ध्यावर आला. मग तिची ताकद संपत आली. मला आडव्या स्थितीतूनही औषध देता येतं. तीच ओरडत होती, बाबा, एक औषध दे, एकच! माझ्याकडे अठ्ठेचाळीस होती. पण ती शेवटच्या राजासाठी राखून ठेवलेली. दिलं नाही. ती मेली.
मी समजावलं, की आज एक दिलं असतं तर उद्या दोन द्यावी लागली असती. ती म्हणाली, हो बाबा. कंट्रोलर ठेवला आणि कपड्यांच्या घड्या घालायला गेली.
रुसली असेल. येईल. पोरं अशीच.

२० जुलै
दुपारीच घरी आलो. बायको आणि बारकी सोफ्यावर. मी आत पाऊल टाकलं आणि टीव्ही बंद झाला. मालिका बघत असणार, मला आवडत नाही म्हणून लपवतात. बायकोचा अंगठा दुखतोय. कपडे पिळून पिळून असं होतं. मलम आणून दिलं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. हल्ली यांचं फार गूळपीठ.
खेळाच्या मशीनला हात लावला तर गरम. दिवसभर बंद असून गरम! कंपनीला दुसरं पत्र लिहिलं.

२३ जुलै
लेव्हल बावीस. साळिंदरं आता गटाने येतात.
जेवताना बायको म्हणाली, अहो, त्या पहारेकऱ्याला समोरून कशाला भिडता, डावीकडून कोलांटी मारायची, गुडघा उघडा पडतो त्याचा. मी थक्क. नुसतं कानावर पडून बाईमाणसाला किती समजतं! कौतुक केलं, पण हेही सांगितलं की ऐकणं वेगळं आणि खेळणं वेगळं. ती म्हणाली, अगदी खरं. मग पाणी प्यायला उठली आणि स्वयंपाकघरात बराच वेळ खोकत होती.

२७ जुलै
उद्या बारकी जाणार. आजचा एकच दिवस, पण माणसाने ठरवलं तर काय होत नाही? ऑफिसला दांडी. सगळा खेळ एका बैठकीत संपवायचा. सकाळी नऊला बसलो. दहाला साळिंदराने मारलं. अकराला तेच साळिंदर.
दुपारी बारकी बॅग भरून येऊन शेजारी बसली. म्हणाली, बाबा, राहू दे ना, आज नुसतंच बसू. मी म्हटलं, नुसतं बसून कसं चालेल, अजून पूल आहे, गाव आहे, राजा आहे. तू फक्त पाच मिनिटं थांब, एवढी एक लेव्हल होऊ दे.
झाली. तेवीस! सांगायला वळलो तर ती शेजारी नव्हती. कधी उठली कळलंच नाही.

२८ जुलै
जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.
गाडी मी चालवत होतो. मागे दोघी. अर्ध्या वाटेवर बायको बारकीला म्हणाली, मला बाई अजून वाईट वाटतं त्या राजाचं, बिचारा लेकीसाठीच दार अडवून बसला होता. बारकी म्हणाली, आई, तू तर रडलीस. बायको म्हणाली, आणि तू नाही का रडलीस?
मी ब्रेक दाबला. मागचा ट्रकवाला काय म्हणाला ते इथे लिहीत नाही.
तर दोघींनी खेळ संपवलाय! पुलाच्या त्या रविवारनंतर, रोज दुपारी, मी ऑफिसात असताना. 'गोष्टीपुरतं' लावून. जिने आयुष्यात कधी कंट्रोलर धरला नव्हता तिने राजा पाडला, आणि मी तिच्या अंगठ्याला मलम आणून दिलं!
मी म्हटलं, शेवट सांगून माझा सगळा खेळ नासवलात.
हॉस्टेलच्या फाटकात बारकी म्हणाली, बाबा, चिडू नकोस. मला तुझ्याशीच खेळायचं होतं रे. रोज वाटायचं की आज निघू. पण तू कुरणातून निघालाच नाहीस आणि माझे दिवस संपत होते. मग आईला म्हटलं, तू येतेस का, तर ती लगेच पदर खोचून बसली.
मी म्हटलं, ठीक आहे, ठीक आहे. बॅग आत नेऊन दिली. तिसरा मजला. इथली लिफ्ट कुरकुरते, कुणीतरी बघायला हवी. एवढंच बोललो. पोरीला आणखी काहीतरी सांगायला हवं होतं, ते गाडीत बसल्यावर सुचलं. वरातीमागून घोडं.

३० जुलै
मशीनला दोन दिवस हात लावला नाही. बहिष्कार खऱ्या अर्थाने आता सुरू झाला, असं ग्रुपवर लिहिलं. चष्मेवाल्याने विचारलं, राजा पाडलास का? त्याचा दुसऱ्यांदा पाडून झाला म्हणे. बाकीचे तिघेही गावापुढे केव्हाच गेलेत.

१ ऑगस्ट, संध्याकाळी
बायकोला विचारलं. विचारताना कपाट आवरत होतो, तोंड दिसू नये म्हणून. म्हटलं, पूल दाखवतेस का? ती हात पुसत आली. तिची एकच अट, पिशवी उघडायची नाही. 'गोष्टीपुरतं' तिने स्वतःच लावलं, मी तिकडे पाहिलं नाही.
पहारेकरी पडला. गुडघा, डावीकडून. तिनेच पाडला, मी सोबत होतो. पूल ओलांडला! खरंच गाव आहे. दिवे लागले होते, एक बाई विहिरीवर पाणी ओढत होती. छान केलंय गाव. उगाच नावं ठेवली.
तसाच बारकीला फोन लावला. म्हटलं, अगं, ओलांडला! मागे पोरींचा गलका होता. तिला आधी कळेना, काय ओलांडला. मग म्हणाली, वा बाबा, मस्तच, पण आत्ता आम्ही सगळ्या बाहेर निघालोय, मी नंतर करते हं फोन.
बायकोने विचारलं, पुढे जायचं? मी म्हटलं, थांब जरा, बारकीचा फोन येऊ दे, मग तिघं मिळून जाऊ. ती म्हणाली, अहो, ती आता तिच्या गावात आहे. आणि स्वतः पुढे निघालीसुद्धा.
मी थोडा वेळ वेशीजवळ उभा राहिलो. फोन काही आला नाही. डोळ्यांत पाणी आलं, बायकोला सांगितलं, स्क्रीनचा उजेड लागतो. तिने उजेड कमी केला.