बटणांच्या कारखान्यातले हरवलेले परवाने

ती. मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार (वाकायलाही सध्या फुरसत नाही, तेव्हा एवढाच गोड मानून घ्या). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? मी इथे तुमच्याच खुर्चीत बसून तुमच्या नावाला जागते आहे, म्हणजे कालपर्यंत तरी जागत होते.

त्याचं झालं असं, की आज सकाळी आपल्या बटणांच्या कारखान्याचं अख्खं ऑफिस ठप्प. जो तो आपल्या टेबलावरून सर्व्हरमध्ये शिरायला जातो आणि पडद्यावर उत्तर येतं, आत शिरायचे परवाने देणारा सर्व्हर सापडत नाही! साहेबांच्या अंगाचा तिळपापड. मला नोकरीत कायम करायचा कागद त्यांच्यापुढे सहीला होता, तो त्यांनी खणात सारला. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. पण मीही तुमचीच भाची. सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी वेगळं दार असतं, त्यातून शिरले. तिथे परवाना विचारत नाहीत, फक्त एका वेळी दोघांनाच घेतात. (त्यातली एक जागा तुम्ही अडवलेली! निवृत्तीच्या दिवशी पडद्यावरची नुसती खिडकी मिटून चहाला गेलात, आतून बाहेर पडलातच नाही. साहेबांना आत घ्यायचं तर तुम्हाला हाकलावं लागलं, फार जिवावर आलं हो.) आत बघते तर परवाने वाटायचं काम निराळ्याच यंत्राकडे, आणि ते यंत्र, म्हणजे ती संगणकाची पेटी, जागेवरून गायब. जुन्या परवान्यांची मुदत संपेपर्यंत कुणाला पत्ताच लागला नाही. साहेबांनी आकाशपाताळ एक केलं. ज्याने कुणी ती पेटी हलवली त्याला आजच्या आज घरी बसवतो म्हणाले. तेवढ्यात पॅकिंगच्या बाईंनी त्यांच्या खुर्चीमागच्या फोटोकडे हळूच बोट दाखवलं. तुमचा निरोप समारंभ. साहेब हसऱ्या चेहऱ्याने तुम्हाला तुमच्या टेबलाखालची जुनी काळी पेटी भेट देताहेत. मामा, मी हसू दाबायला दाराच्या पडद्यामागे गेले, तर तिथे आधीच दोघं तोंडात रुमाल कोंबून उभे.

बाकी सगळं क्षेम. जिना जपून उतरा.

तुमची लाडकी भाची

ता. क. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र. ते घेऊन आलेल्या ड्रायव्हरला चहा पाजा आणि पेटीसकट त्याच्याच गाडीत बसा. साहेबांना चूक कबूल करायची नाही, तेव्हा ती पेटी तुम्ही आपण होऊन कारखान्याला प्रेमाने भेट देताय, असं ठरलंय. भाषण होईल, नवा फोटो निघेल, तुम्ही फक्त गहिवरा. माझ्या कागदावर सही त्यानंतर.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होते तोच मामींचा फोन आला. पत्त्यांचा खेळ नीट चालेना म्हणून परवा तुम्ही पेटीतलं सगळं पुसून टाकलंत म्हणे. खरं असेल तर पेटी घरीच राहू द्या आणि एक मोठी बॅग घेऊन या. माझ्या टेबलातलं सामान पुष्कळ आहे.