डोळ्याचे पैसे

लाडके बाळे,

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं, असं मघाशी फोनवर तुला सांगितलं, ते खोटं आहे. त्यासाठी तू पाठवलेले पैसे मी सकाळी जनावरांच्या दवाखान्यात भरले.

तुझा बोका दोन दिवस नुसता कण्हत होता. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, खडा अडकून लघवी तुंबलीय. आजच काढला नाही तर उद्या हा नसेल." मी "करा" म्हणालो, तेही इतक्या पटकन, की खर्च त्यांनी मला दोनदा सांगितला.

तेव्हापासून बाहेरच्या बाकावर रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसलोय. तू सासरी गेलीस तेव्हा "ही ब्याद कुणाला तरी देऊन टाक," म्हणून मीच भांडलो होतो. आता घराचं कुलूप काढताना आतून त्याची हाक आली नाही तर काय करू? फार भीती वाटतेय.

इथवर लिहिलं आणि बाई बाहेर आल्या. "शुद्धीवर येतोय. चला आत." त्यांनीच मला हात धरून नेलं. मला पाहून तो फिसकारला आणि माझा जीव भांड्यात पडला. अजून तीन दिवस धोका आहे म्हणतात.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. गळ्यातली साखळी मोडून तू ते पैसे पाठवलेस, हे जावईबापूंच्या तोंडून निसटलं होतं. ते ठाऊक असूनही मी "करा" म्हणालो.

तुझे,
बाबा