गढूळ पाणी

२ जून

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना आई शेजारीच असते, तिच्यासमोर माशांचा विषय नको, म्हणून लिहिते आहे. तू तिला दिलेल्या टाकीतले तीन गोल्डफिश गेले. पाणी दुधासारखं झालंय, वास येतो. उरलेले दोघे वर तोंड काढून धापा टाकतात. मी सगळं पाणी बदललं, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला. दोन दिवसांत पुन्हा तेच. दिवसभर डायलिसिस विभागात लोकांचं रक्त गाळायचं आणि घरी येऊन हे. आई म्हणते, माझं लक्षच नसतं. बाबांच्या माघारी तिला तेवढाच विरंगुळा आहे रे.

उपाय कळव आणि लोभ आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी

९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बाईसाहेब, तुम्ही पाणी नव्हे, माशांचा संसारच बदललात! घाण पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात, नळाच्या पाण्याने ते मरतात. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळ. एका वेळी पाव टाकीच बदल, तेही बादलीत रात्रभर ठेवलेल्या पाण्याने. अंगावर ठिपके नसतील, पंख झडलेले नसतील, तर रोग माशांना नाही, पाण्याला आहे. दुकानातून अमोनिया तपासायचं औषध आण. आणि खाली खडे उकरून बघ. खाणं कोण घालतं, किती?

जेवत जा वेळेवर. आमच्यावरची माया अशीच असू दे.

तुझा दादा

१७ जून

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

तपासायचं औषध घातलं तर नळीतलं पाणी हिरवंगार झालं, म्हणजे अमोनिया भरपूर. खड्यांखाली कुजलेल्या दाण्यांचा थर निघाला. मी उगाच कामवाल्या मावशींना बोलले. काल रजा होती, घरीच होते. आईने दाणे घातले, डबी ठेवली, कपड्यांच्या घड्या घातल्या आणि येऊन पुन्हा घातले. मग पुन्हा. आत्ताच तर घातलेस, असं म्हटलं तर प्रेमाने म्हणाली की मी दमलेय, मला भास होतात. मी डबी लपवली. तिने घर पालथं घातलं, मुकी जनावरं उपाशी आहेत म्हणून रडली. मी डबी हातात दिली आणि बाथरूममध्ये जाऊन बसले.

मी हात टेकलेत. लोभ आहे ना? मग काहीतरी सुचव.

धाकटी

२४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कामात लक्ष लागेना. डबी लपवू नकोस. रोज त्यात चिमूटभरच ठेव, ती संपवू दे. तिला काही समजावत बसू नकोस. मी महिनाभराची रजा टाकली आहे. डॉक्टरांकडे आपण तिघं मिळून जाऊ. एकटीने एवढं ओढलंस, आता मला घेऊ दे थोडं.

येईपर्यंत राग-लोभ दोन्ही राखून ठेव.

दादा

१ जुलै

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

आणखी एक मासा गेला. एक तगलाय, खाली उतरून पोहतो आहे. पाणी निवळतंय. डॉक्टरांची वेळ घेतली.

तू येणार असं आईला सांगितलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, कोणी येणार आहे का गं? मी पुन्हा सांगितलं. दर वेळी ती तितकीच हरखते आणि तुझी खोली झाडायला उठते. मीही मग केरभरणं घेऊन मागे जाते. खोली आता लख्ख झाली आहे. लवकर ये.

तुझी धाकटी