आधी नाव, मग सर्व्हिस

सोम., १४ जुलै

सकाळी थ्रोबॉल कोर्टवर टेप घेऊन दोन माणसं. शाळेच्या व्हॅनसाठी पार्किंग करायचंय म्हणे. मी मुद्दाम मधोमध जाऊन उभी राहिले. एक जण म्हणतो, "मॅडम, स्वल्प, थोडं सरका." नाही सरकले. मग त्यांनी माझ्या भोवतीने मापं घेतली.

तशीच प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये. त्या मनाने माझ्या बाजूच्या, पण चेअरमनपुढे त्यांचंही फार चालत नाही. म्हणाल्या, "शीला मिस, २६ला कमिटीची मीटिंग आहे. त्याआधी मुलींनी आंतरशालेय कप आणला तर मला बोलायला तोंड राहील."

झालं. चौदा वर्षांखालच्या सात पोरींच्या हातात माझं कोर्ट. चामराजपेटेच्या गर्दीत एवढी मोकळी जागा दुसरी दाखवा म्हणावं.

बुध., १६ जुलै

सेमी जिंकलो.

मॅचआधी नावं विचारून झाली, नेहमीप्रमाणे. ही प्रथा माझीच. गेल्या वर्षी आमच्या पोरी समोरच्या टीमला वेडावून दाखवायच्या. प्रेम, क्षमा सगळं असेंब्लीत सांगून थकले. शेवटी चिडून म्हटलं, प्रत्येकीने समोरची एक मुलगी निवडायची, तिचं नाव विचारून यायचं आणि तिच्यासाठी प्रार्थना करायची. जिला जशी येते तशी, ज्या देवाची येते त्याची. शिक्षा म्हणून दिली होती, पोरींना आवडली. आता नाव विचारल्याशिवाय कोर्टवर उतरत नाहीत. वेडावणं आपोआप बंद झालं.

आज समोर दोन अनन्या निघाल्या. कॅप्टन हर्षिताला आपली कोणती ते कळेना, म्हणून तिने दोघींसाठी केली. दोघी झकास खेळल्या. हर्षिता वैतागली.

शनि., १९ जुलै

कप आणला. पण...

नीट लिहिते.

फायनल बनशंकरीच्या शाळेशी. त्यांची पूजा उंचनिंच, सर्व्हिस अशी की वॉर्मअप बघूनच मी आमच्या पोरींना दोन पावलं मागे उभं केलं. आमच्या पोरी नावं विचारायला गेल्या. परत येतात तोवर तिकडे त्यांचे कोच नागराज सर घाम पुसताहेत. मॅच सुरू झाली तर पूजा बाकावर, गुडघ्याला बँडेज. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले, खोटं कशाला लिहू. सरळ दोन सेटमध्ये जिंकलो.

परतीच्या बसमध्ये नुसता धिंगाणा. ड्रायव्हर अण्णासुद्धा तालावर हॉर्न देत होते. एकटी रूथ गप्प. जवळ बसवून विचारलं.

"मिस, पूजाचा गुडघा ठीक आहे. मी हात धुवायला गेले तेव्हा ती तिथे रडत होती. म्हणाली, तुम्ही माझं वय तपासायला आलात ना?"

वय? आता हे कुठून आलं? मग आमची तन्वी पुढे आली. पुण्याहून गेल्या वर्षी आलेली, खेळात वाघीण, उत्साहाला आवर नाही. तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की वाढदिवसही विचारा. "नुसत्या नावाने प्रार्थना कोरडी वाटते ना मिस."

चौदाखालच्या फायनलला समोरच्या सात जणी येऊन जन्मतारखा विचारतात म्हटल्यावर कोणता कोच घाबरणार नाही! त्याने बिचारीला बँडेज बांधून बसवली.

कप माझ्या मांडीवर होता. चामराजपेट येईपर्यंत मी त्याच्याकडे बघितलं नाही.

रवि., २० जुलै

चर्चमध्ये डोळे मिटले की बँडेज दिसतंय. सतीशला घरी येऊन सगळं सांगितलं. नवऱ्याने धीर द्यावा, तर हा म्हणतो, "प्रार्थना करून जिंकलीस की. आता आणि काय पाहिजे?" त्याला कांदे चिरायला बसवलं.

दुपारी नागराज सरांना फोन. निम्मं कन्नड, निम्मं हिंदी. आधी फार ताठ. "कंप्लेंट करणार होता ना तुम्ही?" मग हळूहळू खरं सांगितलं. पूजाच्या गावाकडच्या दाखल्यावर एक तारीख, आधारवर दुसरी. कोणतीही धरली तरी ती चौदाच्या आतच, पण ऐन फायनलला भांडत कोण बसणार, म्हणून बसवली.

म्हटलं, सर, वाढदिवस प्रार्थनेसाठी विचारला होता.

ते एवढे हसले की ठसका लागला. "बिडि मॅडम. सोडा. रिझल्ट तो रिझल्ट."

मला हेच तर ऐकायचं होतं. मग फोन ठेवल्यावर बरं का वाटलं नाही? उलट चिडचिड. सतीशच्या कांद्यांवर निघाली.

सोम., २१ जुलै

पोरींना सगळं सांगितलं, पूजाचं वय बरोबर आहे हेही.

हर्षिता लगेच, "मग परत खेळू या. जो जिंकेल त्याचा कप."

मी व्यवहाराची बाजू मांडली. पूजा खेळली तर आपण बहुतेक हरणार. कप गेला तर शनिवारी प्रि. मॅडम रिकाम्या हाताने मीटिंगला जाणार, आणि हे कोर्ट जाणार. सगळ्या खाली बघायला लागल्या. तन्वीचे डोळे भरले, तिला वाटतंय तिच्यामुळेच झालं. थोडंफार झालंच आहे.

मग रूथ. "मिस, पूजा माझ्या वाटणीची होती. तिला खूप छान खेळता यावं अशी मी प्रार्थना केली होती. आणि ती बसूनच राहिली."

हात वर करायला सांगितलं. सातही हात वर. माझा आठवा, जरा उशिराने.

एवढा अभिमान या पोरींचा मला कधी वाटला नव्हता. आणि एवढी भीतीही.

मंगळ., २२ जुलै

नागराज सर आधी नको म्हणाले, मग म्हणाले, "सरी. ठीक आहे. पूजाला विचारतो." दहा मिनिटांत फोन. पूजा उड्या मारतेय. शुक्रवार ठरला, आमच्याच कोर्टवर.

प्रि. मॅडमना सांगायला गेले तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शनिवारी मी काय दाखवू, शीला मिस?" चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाल्या, "चेअरमनना शुक्रवारी चहाला बोलावते. खुर्च्या कोर्टाच्या कडेलाच टाका."

या बाईला मी उगाच भित्री समजत होते.

शुक्र., २५ जुलै

घसा बसलाय, थोडक्यात लिहिते.

पहिला सेट त्यांचा. पूजाची सर्व्हिस म्हणजे... आमच्या पोरींचे तळवे लाल. दुसरा आमचा, हर्षिताने खेचून आणला. तिसऱ्यात बारा-बारा झाले, आभाळ गच्च भरून आलं, अंधारात बॉल दिसेना. रेफ्रींनी थांबवलं. नागराज सर आणि मी दोघेही भांडलो, दोघांनाही त्यांनी गप्प केलं. उरलेला सेट पुढच्या शुक्रवारी, इथेच. कप तोवर रेफ्रींच्या घरी.

चेअरमन निम्म्या मॅचनंतर खुर्चीत नव्हतेच, लाइनला चिकटून उभे. चहा गार. जाताना प्रि. मॅडमना म्हणाले, "पुढच्या शुक्रवारपर्यंत इथे काही हलवू नका." पुढच्या शुक्रवारनंतरचं बोलले नाहीत. मीटिंग उद्या अकराला.

पोरी बनशंकरीच्या बसपर्यंत सोडायला गेल्या होत्या. रूथ सगळ्यात शेवटी परत आली. आज पूजाच्या चार सर्व्हिस तिच्या हातून सुटल्या. मला वाटलं रडत असेल. तर लाल तळवे दाखवून हसतेय.

"मिस, माझी प्रार्थना सहा दिवस उशिरा पोचली. पण सगळी पोचली."