करंगळीची साक्ष

माय, माझ्याही बोटांना मुंग्या येतात, म्हणून आज आमच्या ऑफिसच्या डॉक्टरनं माझं मनगट मोजलं. आधी रुंदी, मग जाडी. म्हणाला, "बाई, तुमचं मनगट चौकोनी आहे, पंजाही आखूड आणि रुंद. अशा हातात नस लवकर दबते." इतकी वर्षं टाइपरायटर बडवला त्याचं नाव नाही, दोष म्हणे माझ्या हाडांचा! ऑफिसचा डॉक्टर ऑफिसचीच तळी उचलणार. पण हात तुझाच आहे, हे खरं. कासार म्हणायचा ना, "या मायलेकीले बांगडीचं एकच माप लागते." मग डॉक्टरनं विचारलं, "मुंग्या करंगळीला येत नाहीत ना? तिची नस वेगळी असते, ती इथं दबत नाही." तिथंच मला तुझी करंगळी आठवली.

कामठीच्या घरात तू मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आहेस. बोटांतून दोरा सुटतो, तू हात झटकतेस. "माह्या बोटाईले मुंग्या येऊन राहिल्या वं. उद्यापासून शाळा राहू दे, तू बस सुपावर." मी सातवीत होते. मला वाटलं, माझी शाळा सोडवायला हे सोंग. इथं दोरा धरवत नाही आणि लग्नघरी पुऱ्या लाटायला हात बरा चालतो? मी तुझ्यावर पाळतच ठेवली. एका दुपारी तुझा डोळा लागला तेव्हा गोधडीची सुई घेतली आणि करंगळीला टोचली. तू दचकून उठलीस. मी ओरडले, "बाबा, पाहा, हिले सगळं समजते! नाटक करून राहिली!" बाबा म्हणाले, "काहून वं, लेकीशी खोटं बोलतं?" तू रक्ताचा ठिपका पदराला पुसलास आणि सूप पुढे ओढलंस.

मी शाळेत जात राहिले, मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले. तू वळत राहिलीस. अंगठ्याखालचं मांस झिजून तिथं खळगा पडला, तरी मी विचारलं नाही. डॉक्टरवर मी अजून संशय घेतेच आहे, तो माझा स्वभाव. पण त्या दुपारचं मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

हे पत्र तुला धाडणार नाही, साड्यांच्या घडीखाली जाईल. एकच लिहायचं राहिलं. करंगळीच्या आधी मी तुझ्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना सुई टोचून पाहिली होती. तू हललीसुद्धा नव्हतीस. ते मी बाबांना सांगितलं नाही.