जमिनीपासून मोजलेले कोन

४ जुलै

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

जेवण वेळेवर घेत असाल अशी आशा आहे. नुसतं पत्रात ‘जेवते’ असं लिहू नका.

दादाच्या शेवटच्या आकड्यांचं गणित सुटलं! तो घरी सांगायचाच: कृष्णपदार्थाचे, म्हणजे डार्क मॅटरचे, कण, असलेच तर, आकाशाच्या एका बाजूने जास्त येणार. असा कण आमच्या टाकीतल्या द्रवरूप आर्गॉनच्या अणूवर आदळला, तर अणू कुठल्या दिशेला ढकलला गेला हे कळायला हवं. टाकीतलं विद्युतक्षेत्र उभं असतं. अणू त्याच रेषेत गेला तर त्या धडकेतून सुटलेले इलेक्ट्रॉन वर कमी पोचतात, असा सिद्धांत आहे. दादाने जाण्याआधी त्या कणांऐवजी न्यूट्रॉन मारून पाहिलं होतं. शून्य अंशावर, म्हणजे उभ्या रेषेत, ते खरंच कमी आहेत. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखबाई म्हणाल्या, शोधनिबंध त्यालाच अर्पण करू. तोंड वाकडं न केलेला त्याचा एखादा फोटो पाठवा. असेल असं वाटत नाही.

माया आहे तेवढी राहू द्या.

तुमचा धाकटा दीर

१३ जुलै

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

जेवते. शेजारीण डबा उघडून बघते, त्यामुळे सुटका नाही. फोटो सोबत आहे. तोंड थोडं वाकडंच आहे.

तुमच्या पत्राने आनंद झाला, मग एक शंका आली ती जाईना. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून तक्ते मीच नीट लिहून देत असे. तुमच्याकडे आहे ती माझी प्रत. मी त्यांची मूळ वही काढली. प्रत्येक कोनाशेजारी त्यांनी छोटी आकृती काढली आहे: खाली आडवी रेघ, तिच्यावर एक तिरकी. आडवी रेघ म्हणजे जमीन. प्रयोगशाळेत येण्यापूर्वी ते फिटर होते, घरातली शिडीसुद्धा जमिनीपासून अंश मोजून लावत. म्हणजे त्यांचा शून्य अंश आडवा होता, आणि तुम्ही तो उभा धरला आहे. आकृत्या मला रेघोट्या वाटल्या, म्हणून प्रतीत गाळल्या. चूक माझी आहे.

लिहू की नको यात आठवडा गेला. त्यांचं शेवटचं काम खरं ठरलं, एवढंच माझ्यापाशी उरलं होतं. वही पाठवत आहे.

रागावलात तरी पत्र टाकत जा.

तुमची वहिनी

२ ऑगस्ट

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

रागावलो होतो, दोन दिवस. मग वही उघडली. तुमचं म्हणणं बरोबर आहे. कोन सुधारले की सगळं सिद्धांताच्या उलट जातं. म्हणून दोन आठवडे मी स्वतः पुन्हा मोजणी केली. उभ्या-आडव्यातला फरक इतका थोडा निघाला की मोजण्यातल्या चुकांमध्येच बुडून जातो. आर्गॉन दिशा सांगतो का, हे आम्हाला अजून माहीत नाही. निबंधातही तसंच लिहिलं आहे.

प्रमुखबाई बराच वेळ वही चाळत होत्या. म्हणाल्या, आधीचा निबंध छापला असता तर त्याच्या भरवशावर लोक टाक्या बांधत बसले असते.

आमच्याकडे निबंध बाहेर जाण्याआधी काम केलेला प्रत्येक जण शेवटच्या तक्त्यावर सही करतो. दादाच्या नावापुढची जागा रिकामी आहे. तिथे तुम्ही सही करावी असं त्या म्हणतात, मीही म्हणतो. सोमवारी सकाळी न्यायला येऊ का?

आशीर्वादाची वाट पाहतो. त्याआधी उत्तराची.

तुमचा धाकटा दीर