कोपऱ्यातली खुर्ची सुनेला

मी, पिवळ्या संघाचा झेंडा शिवणारी शिंपीण, बुद्धी ठिकाणावर असताना आणि कोणी कानाशी लागलेले नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे आणि उद्याच अंतिम सामना आहे. वाचले तर हा कागद मीच फाडीन.

१. राहते घर स्वकष्टार्जित आहे. ते, कोपऱ्यातल्या माझ्या खुर्चीसह, थोरल्या सुनेला द्यावे. मुलगे कपाळाला आठ्या घालतील, म्हणून कारण लिहिते.

आमच्या घरी सामना म्हणजे देवाचे काम. आपला गोल झाला तेव्हा जो जिथे बसला असेल, त्याने शेवटच्या शिट्टीपर्यंत तिथून हलायचे नाही, हा यजमानांनी घालून दिलेला नियम. गेल्या मोसमात उपांत्य सामन्याच्या वेळी माझ्या छातीत कळ आली. धाकटा म्हणाला, "आई, थोडंच राहिलंय. आपण पुढे आहोत." थोरल्याने मान वळवली नाही. मीही ओठ आवळून बसले. सून मात्र उठली. "खड्ड्यात गेली मॅच," म्हणाली आणि डॉक्टरांना घेऊन आली. तेवढ्यात आपल्यावर दोन गोल झाले. संघ हरला, मी वाचले.

तेव्हापासून सामना असला की तिला माहेरी धाडतात. उद्यासाठीही तिची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे.

२. शिलाई मशीन व मोठी कात्री धाकट्याला. त्याला सुईत दोरा ओवता येत नाही. शिकेल, झेंडा दर मोसमात उसवतोच.

३. यजमानांचा पिवळा मफलर थोरल्याला. धुवू नये.

४. गेले तर मला झेंड्यात गुंडाळावे. माझी श्रद्धा ढळलेली नाही. खोटे कशाला लिहू, सून जरा वेळ बसली असती तर, असे आजही मनात येते. त्याची मला लाज वाटते, तरी ते जात नाही.

५. हे कलम मी जिवंत असतानाच अमलात यावे. वकील म्हणाले, "असं चालत नाही, बाई." चालवावे. साक्षीदारांनी ते आजच मुलांना वाचून दाखवावे. सुनेची पिशवी आत ठेवावी. मुलांनी घरी बसून सामना पाहावा, जागा सोडू नये, माझी ना नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर मात्र सूनच हवी. तिथे मला उठणारे माणूस पाहिजे.

साक्षीदार:
१. त्या दिवशी धावत आलेले डॉक्टर (सही)
२. शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले (सही). जांभळ्या संघाचे आहेत, तरी शब्दाचे पक्के.

लिहून ठेवणार: शिंपीण (सही)
ठिकाण: शिलाईची खोली
तारीख: अंतिम सामन्याचा आदला दिवस